वर्षाला चार आकडे

मुरलीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. पडद्यावर माझीच स्लाइड होती. फोन शोभावहिनींचा, त्यांच्या बायकोचा, म्हणून उचलला. त्या म्हणाल्या, "कल्पना, गेले वं तुझे भाऊ." मी म्हणाले, "बरं." फोन ठेवला आणि राहिलेली स्लाइड समजावून सांगितली. कोणीतरी प्रश्न विचारला, त्याचं उत्तरही दिलं, आणि ते बरोबर होतं. मग उठले, पर्स घेतली, लिफ्टने खाली आले. वर्धा रोडवर प्रत्येक सिग्नलला थांबले, हिरवा झाला की निघाले. आता काही आठवडे होऊन गेले. लोक विचारतात, रडलीस का. नाही रडले. रडायचं ठरवून रडता येत नाही, आणि माझं आतून काही हललंच नाही... अजूनही नाही. म्हणून हा लेख कोरडा वाटला तर वाटू द्या.

त्यांच्या घरी पोचले तर अंगणात माणसं जमली होती. भाऊ ज्या पतसंस्थेचं काम करायचे तिचे मॅनेजर गजाननभाऊ माझ्याजवळ आले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आता विचारू नाही... पण ते काम पुरं झालं होतं का?" बाजूच्या एका बाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मागे सरकले. मला राग आला नाही. त्या दिवशी मला विचारलेला तो एकच प्रश्न होता ज्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. "एक फाइल राहिली आहे," मी म्हणाले.

मुरलीभाऊंच्या शेवटच्या वर्षात एवढी एकच गोष्ट होती. एक काम, आणि ते त्यांच्या हातून पुरं होतं की नाही. ते काम सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी विणकराच्या घरातली. वडील हातमागावर साड्या विणायचे, पुढे माग बंद पडले तेव्हा एका गोदामात लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली आणि बी.एस्सी. झालेलीही मीच पहिली. हे मी आजही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. पदवी हातात आली तेव्हा नोकरीचं काही दिसत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, कॉम्प्युटर शीक. जरीपटक्यात कापडाच्या दुकानावर एक क्लास होता. खाली थान उलगडल्याचा फटफट आवाज, वर एक खोली, बाकं, आणि मोजकी मशिनं. तिथे शिकवायला मुरलीभाऊ. तेव्हा अर्थातच मुरलीधर सर. खापा गावचे, शेतकऱ्याच्या घरचे, तेही घरातले पहिलेच पदवीधर. हे कळलं तेव्हा मला जरा बरं वाटलं आणि जरा चुरसही वाटली.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, मशीन चालू करून दाखवतील. सरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि इतिहास सुरू केला. आधी माणसं मशीनशी नुसत्या आकड्यांत बोलायची. एक आकडा चुकला की अख्खा दिवस वाया. त्याला कंटाळून कोणीतरी आकड्यांना छोटी छोटी नावं दिली. शास्त्रज्ञांना त्यांची समीकरणं वहीत लिहितो तशीच लिहायची होती, म्हणून फोरट्रान. ऑफिसवाल्यांना पगारपत्रकं आणि बिलं हवी होती, आणि साहेबाला वाचताही यायला पाहिजे होतं, म्हणून साध्या इंग्रजी वाक्यांसारखं दिसणारं कोबोल. गणिताशी संबंध नसलेल्या पोरांसाठी बेसिक. पोरांना शिस्त नाही म्हणून एका मास्तराने पास्कल केली. मशीनच्या पोटात हात घालायचा होता त्यांनी सी केली. प्रत्येक भाषेचं नाव लिहिलं की सर खडू फळ्यावर टेकवून विचारायचे, "ही कोणाच्या कटकटीतून जन्मली, सांगा." वर्ष विचारायचे नाहीत, शोध लावणाऱ्याचं नाव विचारायचे नाहीत. कटकट कोणाची, एवढंच.

मी हात वर केला. "पण सर, सगळ्यांनी मिळून एकच भाषा काहून नाही ठेवली?"

"काहून ठेवतीन? तुझी आई अन् तुझी सासू एक भाजी एकसारखी करते का?"

"मले सासू नाही, सर."

"होईन ना वं. घाई काहून करून राहिली?"

खोली हसली. मी लाल झाले, पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्का बसला. पुढे मी पास्कल शिकले, फॉक्सप्रो शिकले, व्हिज्युअल बेसिक, जावा, आता पायथन. प्रत्येक वेळी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचे, कटकट कोणाची. माझ्या हाताखाली येणाऱ्या इंजिनिअर पोरांना आधी हेच विचारते. त्यांना वाटतं मॅडम विक्षिप्त आहेत. असू दे.

मी क्लास सोडला, नोकरीला लागले, सरांचे भाऊ झाले. ते मात्र कोबोल सोडून फार लांब गेले नाहीत. नव्या भाषा त्यांना यायच्या, मला अडलं की फोनवर सांगायचे, पण पोट कोबोलवर. इतवारीमागच्या एका गल्लीत विणकर आणि छोटे दुकानदार यांची एक पतसंस्था आहे. तिचा सगळा कारभार भाऊंनी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचा. सभासद, ठेवी, पावत्या, सगळं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि सूचना रोमन लिपीतल्या मराठीत, कारण तेव्हा दुसरी सोयच नव्हती.

आता त्यांची चूक. माझ्यासमोर त्यांनी ती इतक्यांदा सांगितली आहे की मी लिहिलं तर त्यांना चालेल. जुन्या काळी प्रोग्राम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून द्यायचे. कार्डावर जागा मोजकी. म्हणून वर्ष लिहिताना पुढचे एकोणीस गाळायचे आणि शेवटचे दोनच आकडे ठेवायचे. कार्डं गेली, डिस्का आल्या, जागा भरपूर झाली, तरी सवय राहिली. जगभरच्या प्रोग्रामरांनी ही सवय एकमेकांकडून उचलली, भाऊंनी त्यांच्या गुरूंकडून, आम्ही भाऊंकडून. मग दोन हजार साल जवळ आलं आणि सगळ्यांची धांदल उडाली, की शून्य शून्य म्हणजे एकोणीसशे की दोन हजार? खरा इलाज होता प्रत्येक ठिकाणी वर्षाला चार आकडे द्यायचे. पण त्यासाठी सगळ्या फायली उलगडून पुन्हा शिवाव्या लागतात. भाऊंनी तेव्हा पुष्कळांनी केली तीच युक्ती केली. मधे एक रेघ मारली. तीसच्या आतलं वर्ष दिसलं तर दोन हजारातलं समजायचं, तीस आणि त्यावरचं दिसलं तर एकोणीसशेतलं. तीसच का? कारण संस्थेतले सगळ्यात म्हातारे सभासद तिसाच्या आसपास जन्मलेले होते. त्यांच्या जन्मतारखा नीट राहाव्यात म्हणून रेघ तिथे. आणि पुढचं? पुढचं त्यांनी हसत सांगितलं होतं, "दोन हजार तीसपर्यंत हा प्रोग्राम राहते का? मीच राहीन का नाही, ठिकाणा नाही."

प्रोग्राम राहिला. नव्या कॉम्प्युटरवर जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, आणि त्याच्या आत तो चालत राहिला. आणि मग संस्थेतल्या पाच वर्षांच्या ठेवींची मुदत त्या रेघेपर्यंत पोचली. धोंडबाजी नावाचे एक जुने विणकर पावती घेऊन काउंटरवर परत आले. पावतीवर मुदत संपण्याचं वर्ष छापलं होतं एकोणीसशे तीस.

"गजाननभाऊ," ते म्हणाले, "हे पैसे माह्या आज्यानं आधीच उचलले दिसते."

गजाननभाऊंनी हा किस्सा फोनवर सांगितला तेव्हा भाऊ एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी समोरच बसले होते. मग हसू थांबलं. तेव्हा त्यांचं डायलिसिस सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. डाव्या हाताला सुई टोचायची जागा केलेली, तो हात ते मांडीवर ठेवून द्यायचे, दुसऱ्याचा ठेवल्यासारखा.

संस्थेच्या बैठकीत भाऊंना बोलावलं. मी त्यांना गाडीने घेऊन गेले. संचालकांपैकी एक तरुण दुकानदार होते, ते म्हणाले, "भाऊ, राग नका मानू, पण मेलेल्या भाषेतलं सॉफ्टवेअर किती दिवस वापरायचं? बाजारात तयार मिळते. मोबाइलवर चालते." बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हणाले असते. भाऊही म्हणाले, "बरोबर आहे गा तुमचं. घ्या नवीन. मी कुठं नाही म्हणून राहिलो?" मग म्हणाले, "फक्त आमसभेपर्यंत टाइम द्या. माह्यं काढून टाकाल तर टाका... पण बरोबर असताना काढा. चुकलेलं आहे म्हणून काढलं, असं नका करू."

अध्यक्षांनी मान हलवली आणि चहा मागवला.

परत येताना गाडीत मी भांडले. "भाऊ, ती रेघ तीसवरची साठवर न्या. पाच मिनिटांचं काम. कोणाले कळणार नाही."

"अन् एकोणीसशे तीसात जन्मलेल्या म्हाताऱ्यांचं काय?"

"आहे का एक तरी आता?"

"एक आहे. कानानं बहिरी, पण आहे. व्याज घ्यायला दर महिन्याले येते. अन् साठ साल आल्यावर कोणाले बोलावतीन? तुले?"

"मी कुठं राहते तोपर्यंत!"

ते माझ्याकडे वळून पाहत राहिले. तेच वाक्य, त्यांचंच, माझ्या तोंडून निघालं होतं.

दुसरा उपाय मी त्यांना करून दाखवला. ऑफिसात आम्ही आता एआय वापरतो. त्यांचा एक कोबोल प्रोग्राम त्याला दिला, म्हणाले पायथनमध्ये लिहून दे. पाणी पिऊन येईपर्यंत तयार. लॅपटॉप भाऊंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. मला वाटलं, चुका काढतील. ते म्हणाले, "चांगलं लिहिते वं हे. माह्यापेक्षा नीटनेटकं." मग लॅपटॉप बंद करून माझ्याकडे सरकवला. "हे संस्थेले दे, ते नवीन घेतीन तेव्हा कामात येईन. मले माह्यंच दुरुस्त करायचं आहे."

मला हट्टी माणसं आवडत नाहीत, कारण मी स्वतः हट्टी आहे. पण हे मला कळलं. ज्या माणसाच्या घरात त्याच्याआधी कोणी पुस्तक उघडलं नव्हतं, त्याने केलेल्या कामात चूक निघाली तर ती एकट्याची राहत नाही. लोक म्हणतात, शेवटी कुठला पोरगा तो. हे आम्हा दोघांनाही कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग आमचं काम सुरू झालं. ज्या दिवशी डायलिसिस नसेल त्या दिवशी मी ऑफिसनंतर त्यांच्याकडे जायची, रविवारी दुपारपासून. प्रोग्रामचे छापील कागद, ते कडेला भोकं असलेले लांबच लांब कागद, पलंगावर पसरायचे. एका हाताने त्यांना टाइप करता येत नव्हतं. म्हणून मी मोठ्याने वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. कोबोल वाचून दाखवता येतं, हे नव्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. वाक्यं असतात त्यात, शेवटी टिंबही असतं. ठेवीची तारीख उचल, मुदतीच्या तारखेत ठेव, अमुक परिच्छेद पार पाड. वर्ष कुठे आलं की तिथे लिहिलेलं असायचं, पिक्चर नाइन नाइन. म्हणजे इथे दोन आकड्यांची जागा आहे. मी "पिक्चर नाइन नाइन" म्हटलं की भाऊ डोळे न उघडता म्हणायचे, "अजून दोन." मी तिथे चार करायची. शोभावहिनी चहा घेऊन यायच्या आणि दारातच थांबायच्या. "हे काय पारायण लावलं तुम्ही दोघांनी? मधातच उठून गेली तर पाप लागते का मले?"

"तू बस ना," भाऊ म्हणायचे. "ऐकूनच पुण्य लागते."

"मले पुण्य नको, भांडे घासणारी पाह्यजे."

दोन आकडे वाढवले की पुढचं सगळं दोन घरं सरकतं. नाव सरकतं, रक्कम सरकते. पावतीचे छापील कोरे कागद गठ्ठ्याने पडलेले होते, त्यावरच्या चौकटीत चार आकडे मावेनात, शेवटचा आकडा रेघेवर जाऊन बसायचा. भाऊंनी एक पूर्ण रविवार त्या चौकटीत घालवला. मी चिडले. म्हणाले, जरासा बाहेर गेला तर काय होते? ते म्हणाले, "पावती लोकं घरी देव्हाऱ्यात ठेवतात वं. वाकडी काहून द्यायची?" मग तारखेआधीची एक रिकामी जागा काढली आणि आकडे चौकटीत बसले. त्या संध्याकाळी ते इतके खुश होते की वहिनींच्या नकळत त्यांनी संत्र्याची एक फोड खाल्ली. डायलिसिसमुळे त्यांना संत्रं चालत नव्हतं. नागपुरात राहून संत्रं बंद म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर रोज दिसायचं.

पावसाळ्याच्या शेवटी ठेवींचं काम पुरं झालं. धोंडबाजींना नवी पावती दिली. मग कर्जाच्या फायली झाल्या. राहिली ती सभासदांची मूळ फाइल, सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी. तिला हात घालायच्या आधी भाऊ दवाखान्यात गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटचं भेटले ते दवाखान्यातच. मशीन चालू होतं, रक्त नळीतून जात-येत होतं. मी लॅपटॉप घेऊन गेले होते. त्या सभासदांच्या फाइलचं थोडं वाचलं. त्यांचं लक्ष लागत नव्हतं. मी म्हणाले, "राहू द्या आज."

"आमसभा कधी आहे?"

"आहे अजून वेळ."

"मग वाच."

मी वाचलं. "पिक्चर नाइन नाइन" आलं. मी थांबले. ते काही बोलले नाहीत, मला वाटलं झोप लागली. मी हळूच पुढे वाचायला लागले तर म्हणाले, "तिथं चार केले का?" म्हटलं, "केले." तेवढंच. त्यानंतर दोन दिवसांनी वहिनींचा फोन.

दिवसकार्य झाल्यावर मी सुट्टी टाकली आणि संस्थेत जाऊन बसले. काउंटरच्या मागे एक लांबट खोली आहे, एका भिंतीला कपाटं, कोपऱ्यात ते मशीन. कोणी मला बोलावलं नव्हतं आणि कोणी हटकलंही नाही. राहिलेल्या ओळी मी एकटीने केल्या. मोठ्याने वाचून केल्या, कारण मनात वाचून मला ते समजेना. गजाननभाऊ काउंटरवरून मान वळवून पाहायचे आणि परत कामाला लागायचे. मला दुःख होत होतं असं म्हणता येणार नाही. टिंब दिसलं की थांबायची, पुढचं वाक्य वाचायची. जुनी फाइल नव्या मापात उतरवली, नोंदी जुळवून पाहिल्या. त्या बहिऱ्या आजींची जन्मतारीख नीट आली. पुढच्या वर्षांच्या तारखा टाकून पाहिल्या, त्याही नीट आल्या. कुठलीही रेघ राहिली नाही.

आमसभा झाली. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, पुढच्या आर्थिक वर्षापासून. टाळ्या वाजल्या. त्या तरुण संचालकांनी उठून सांगितलं की आपला जुना प्रोग्राम आजच्या तारखेला पूर्ण बरोबर आहे आणि तो मुरलीधररावांनी बरोबर करून ठेवला आहे. इतिवृत्तात तसं लिहूनही घेतलं. मी मागच्या रांगेत बसले होते. भाऊंना हवं होतं ते एवढंच. ते झालं.

दुसऱ्या दिवशी मी माझं सामान आणायला गेले तर गजाननभाऊ म्हणाले, "मॅडम, बसलाच आहात तर एक नोंद करून देता का? मले नाही होत ते." भाऊ संस्थेचे सभासद होते, सुरुवातीपासूनचे. वहिनींच्या नावावर खातं करायचं तर आधी त्यांची नोंद बंद करायला हवी होती. मी क्रमांक टाकला. हिरव्या अक्षरांत त्यांचं नाव आलं, खापा आलं, जन्मतारीख आली. खाली मृत्यूच्या तारखेची जागा. दिवस टाकला. महिना टाकला. मग वर्षासाठी चार रिकामी घरं. दवाखान्यात ज्या ओळीवर थांबलो होतो, ती हीच. मी चारही आकडे टाकले. ते घरांत बरोबर बसले.

प्रोग्रामने काही हरकत घेतली नाही. नोंद झाली, असं पडद्यावर आलं. मग पडदा पुसला गेला आणि वर डाव्या कोपऱ्यात, भाऊंनी लिहिलेल्या त्या रोमन मराठीत, पुढचा सभासद क्रमांक द्या, असं आलं. शेजारी छोटी रेघ लुकलुकत होती.

काउंटरवर एक बाई पिशवी घेऊन उभी होती. गजाननभाऊंनी तिला क्रमांक विचारला आणि मला सांगितला. मी टाकला.